कापडी विमानतळावरची पायवाट

"बाजूला व्हा, सावली पडतेय."

ती मान वर न करताच म्हणाली. तिचे डोळे यंत्राच्या दोन भिंगांना टेकलेले होते आणि तिला वाटलं, कप गोळा करणाऱ्या बाई आल्या असतील. पण त्या असत्या तर "आली मोठी सावलीवाली" असं काहीतरी पुटपुटल्या असत्या. इथे नुसती शांतता... आणि मग एक अपराधी आवाज.

"कुठे होऊ? डावीकडे कपाट आहे. उजवीकडे तुम्ही आहात."

तिने वर पाहिलं. कपाटं आणि टेबल यांच्यामधल्या अरुंद जागेत एक उंच माणूस उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं, शर्ट खांद्यांना चिकटला होता, पण छातीशी धरलेलं मोठं पाकीट मात्र कोरडं ठणठणीत. छत्री त्याने कोणावर धरली होती ते उघडच होतं.

"मी एक विमानतळ शोधतोय," तो म्हणाला.

"तो गावाबाहेर आहे. समोरून बस मिळते."

"तो नव्हे. मला जो कधी नव्हताच, तो हवाय."

ती हसली नाही. पण हसू दाबायला तिला चष्मा पुसावा लागला.

ते ऑफिस हवाई छायाचित्रांच्या संग्रहाचं होतं. विमानातून सरळ खाली बघत काढलेले जुने-नवे फोटो, कपाटांच्या रांगाच्या रांगा. नदीने पात्र कधी बदललं, डोंगराची कड कुठे खचतेय, हे त्यांवरून सांगणं तिचं काम. शिक्षण भूगर्भशास्त्राचं, बोलणं तोलूनमापून. ऑफिसात तिला सगळे भिंगताई म्हणत; पाठीमागे नव्हे, तोंडावर.

आणि तो लेखक होता. युद्धकाळातली हेरगिरी, शत्रूला दिलेल्या हुलकावण्या, खोटे सेनापती, रबरी रणगाडे... असं सगळं तो लिहायचा आणि लोक ते प्रवासात, अंथरुणात, जेवताना वाचायचे. तिने त्याचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. तसं तिने सांगूनही टाकलं.

"वा! म्हणजे निदान एका माणसाचं माझ्याबद्दल वाईट मत नाही."

"अजून नाही," ती म्हणाली.

त्याने पाकिटातून दोन फोटो काढले. जुन्या युद्धातले. एका बंदराच्या पलीकडे, ओसाड माळावर, सैन्याने खोटा विमानतळ मांडला होता. लाकडी सांगाड्यांवर कापड ताणून केलेली विमानं, आणि रात्री धावपट्टीवर लागावेत तसे दिवे. शत्रूला वाटावं की खरा तळ हाच. आणि शत्रूला ते वाटलंही. एका रात्री सगळे बॉम्ब त्या कापडावर पडले आणि बंदर वाचलं.

"अशी गोष्ट सांगतात," तो म्हणाला. "मला एवढंच जाणून घ्यायचंय, ती खरी आहे का."

फोटो एकाच जागेचे, पण जरा वेगळ्या कोनांतून काढलेले होते; भिंगांतून एकत्र पाहिले की त्यांना उंची येते. तिने दोन्ही फोटो यंत्राखाली शेजारी शेजारी मांडले आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"दोन्ही डोळे उघडे ठेवा. घाई करू नका."

"काही दिसत नाही... दोन सपाट फोटो दिसतायत."

"डोळ्यांना ताण देऊ नका. लांबचं बघतो तसं बघा."

"तुम्ही शेजारी उभ्या असताना लांबचं बघायचं—" तो बोलायचा थांबला. मग एकदम त्याचा श्वास अडकला. "अरे! झाडं... झाडं उभी राहिली!"

पहिल्यांदा बघणारे सगळे असंच ओरडतात. तरी त्या दिवशी तिला ते नवीन वाटलं. तिने पेन्सिलच्या टोकाने दाखवलं: खरं विमान चाकांवर उभं असतं, त्यामुळे पोट आणि सावली यांच्यात फट दिसते. इथे सावली विमानाला चिकटलेली होती. मागे गवतावर चाकांच्या खुणा नाहीत, तेलाचे डाग नाहीत. विमानं बसून होती, जमिनीवर अंथरल्यासारखी.

"कापड," ती म्हणाली. "खात्रीने."

त्याने भिंगांवरून डोळे काढून तिच्याकडे असं पाहिलं की तिला उगाचच खिडकी बंद करावीशी वाटली. खिडकी आधीच बंद होती.

त्यानंतर तो येत राहिला. दर वेळी नवा फोटो, आणि दर वेळी एकच.

"एकच?" घरी वहिनीने विचारलं. तिची वहिनी शाळेत गणित शिकवायची आणि त्याची सगळी पुस्तकं तिने वाचलेली होती. "अगं, पाकीट जाडजूड होतं म्हणालीस ना? मग हा पुडी सोडून एकेक शेंगदाणा का खातोय?"

"विसरत असेल."

"हो हो, विसरतोच. माझे विद्यार्थी गृहपाठ विसरतात तसा." वहिनीने हसत नवऱ्याकडे पाहिलं. "तुमची बहीण डोंगर खचायच्या आधी सांगते. स्वतःचा पाय घसरतोय ते कळत नाही."

"घसरू दे की," भाऊ वर्तमानपत्रामागून म्हणाला.

एका संध्याकाळी ऑफिसजवळच्या चहाच्या दुकानात, वाफाळलेल्या कपांवरून तिने त्याला विचारलं, "लढाया का नाही लिहीत तुम्ही? सगळे लढाया लिहितात."

त्याने कप खाली ठेवला. बाहेर रस्त्यावर बारीक पाऊस पडत होता आणि दुकानाची काच धुरकट झाली होती.

"आमच्या घरात भिंतीवर माझ्या मामाचा फोटो आहे, गणवेशातला. आई अजूनही त्या भिंतीजवळून जाताना आवाज हळू करते... मी लढाई लिहायला बसलो की मला तो हळू झालेला आवाज ऐकू येतो. फसवाफसवीचं तसं नाही. तिथे कोणीतरी डोकं लढवतं आणि माणसं वाचतात. शत्रूचे बॉम्ब कापडावर! याच्याइतकी सुंदर गोष्ट युद्धात दुसरी सापडेल का?"

त्याचे डोळे चमकत होते. कप उचलताना त्याचा हात तिच्या हाताला लागला. त्याने तो लगेच काढला नाही, आणि तिनेही.

दुसऱ्या दिवशी तिने ते जुने फोटो पुन्हा यंत्राखाली घेतले. त्याने त्यांतल्या एकाची मोठी प्रत पुस्तकासाठी मागितली होती, एवढंच कारण. आणि तेव्हा तिला ती दिसली... कापडी विमानांच्या मागून निघून माळाच्या कडेपर्यंत गेलेली एक फिकट रेघ.

तिला ती रेघ ओळखायला वेळ लागला नाही. गवत रोज तुडवलं गेलं की आडवं पडतं आणि वरून फिकट दिसतं. इतक्या उंचीवरून माणूस कधीच दिसत नाही. त्याची पायवाट दिसते. रेघेच्या टोकाला एक लहानसा चौकोन होता. खोपट असावं.

तेवढ्यात दार उघडून तो आला. "झालं का बघून? प्रकरण संपलंय माझं. शेवटचं वाक्य तेवढं राहिलंय." तो तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकला. ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास आला. "सांगा ना, तिथे कोणी नव्हतं ना?"

त्याचा चेहरा तिच्या अगदी जवळ होता. त्या चेहऱ्यावर कालचाच उजेड होता. तिला वाटलं, आता 'होतं' म्हटलं की हा उजेड मालवणार. हा पाकीट उचलेल, आभार मानेल आणि निघून जाईल.

"माणूस दिसत नाही कुठे," ती म्हणाली.

"म्हणजे कोणीच नव्हतं?"

"...हं."

"अहो, किती गोड 'हं' आहे हा!" तो म्हणाला आणि चक्क तिची पेन्सिल खिशात घालून निघून गेला. दारातून परत येऊन त्याने ती दिली. पण देताना बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली. एरवी ती दिवसभर त्या बोटांचाच विचार करत बसली असती. त्या दिवशी तिने फोटो पालथे घालून ठेवले.

छपाईच्या आधीची प्रत घरी आली तेव्हा वहिनीनेच पाकीट फोडलं.

"आभार कोणाचे मानलेत बघ! 'ज्यांच्या डोळ्यांवर मी माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो...' अगं बाई! अहो, ऐकलंत का? लाजली बघा, कानापर्यंत लाल झाली!"

कानापर्यंत लाल ती झालीच होती. पण वहिनीला वाटली ती लाज ही नव्हती. त्या लाजेला गोड चव असते. ही कडू लागत होती.

वहिनीने प्रकरण बसल्या बैठकीला वाचून काढलं. "छान वाटलं गं," ती शेवटी म्हणाली. "युद्धाचं पुस्तक, आणि कोणी मेलंच नाही. शेवटचं वाक्य बघ ना: 'त्या रात्री रक्ताचा एक थेंबही सांडला नाही.' अंगावर काटा आला."

"पुस्तक कधी छापतायत?" तिने विचारलं.

"शनिवारी ग्रंथालयाच्या सभागृहात हेच प्रकरण वाचून दाखवणार, आणि मग छपाईला. आपण जायचंय हं. मी नवी साडी काढतेय, तूही माणसासारखी तयार हो."

नोकरीला लागल्यापासून तिने एकही कच्चं निरीक्षण सही करून दिलं नव्हतं. डोंगराखालची घरं हलवायची की नाही, हे तिच्या 'असू शकेल' आणि 'आहे' यांतल्या फरकावर ठरायचं. आणि एका माणसाने खुर्चीवर हात ठेवला तर तिने 'आहे'चं 'नाही' करून दिलं! आरशात बघवेना. जेवताना भावाने भाजी वाढली तर "नको" म्हणतानाही तिला आपला आवाज खोटा वाटला.

शनिवारी दुपारी ऑफिसात कोणी नसताना तिने एक कप्पा उघडला. बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी टेहळणी विमानाने त्याच माळाचे फोटो काढले होते. ते इथेच, तिच्याच संग्रहात होते. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने ते बाहेर काढले नव्हते, कारण बाहेर काढले असते तर बघावे लागले असते.

यंत्राखाली माळ उभा राहिला. विमानांच्या जागी चिंध्या. फिकट रेघ तशीच होती, गवत अजून आडवंच होतं. ती रेघेवरून नजर नेत गेली. टोकाला चौकोन नव्हता. तिथे एक खोल, गोल खड्डा होता.

तिने डोळे बाजूला घेतले आणि पुन्हा एकदा बघितलं. मग फोटो पिशवीत घालून निघाली.

सभागृहाच्या दारात तो तिला दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं, आजूबाजूला माणसंच माणसं. तिला बघून तो गर्दीतून वाट काढत आला.

"मला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "आत्ता. वाचायच्या आधी."

"मलाही तुमच्याशी बोलायचंय. वाचून झाल्यावर." तो हसला, कानशिलं तांबूस झाली. "आधी बोललो तर वाचताना माझी पानं थरथरतील."

"अहो, महत्त्वाचं आहे—"

"माझं नाही का?"

कोणीतरी त्याचा दंड धरून त्याला आत नेलं. आधीच येऊन थांबलेली वहिनी तिला कोपराने ढोसत होती. "काय म्हणाला? काय म्हणाला गं?"

त्याने प्रकरण वाचलं. सुरेखच वाचलं. गोष्टीत दिवे लागले तसे लोक पुढे झुकले, विमानं आली तसे श्वास रोखले गेले, आणि शेवटचं वाक्य त्याने हळू आवाजात, एकेक शब्द सोडत म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची वहिनी टाळ्या वाजवत होती, आणि तिला कळलं की आपलेही हात वाजतायत.

"काही प्रश्न?" त्याने विचारलं.

वर्गात मुलं करतात तसा वहिनीने हात वर केला. "मला एक विचारायचंय. हे दिवे रात्री लावायचं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे, विमानं कापडाची, ती गप्प बसतील. पण दिवे रोज संध्याकाळी लावायला हवेत, पहाटे विझवायला हवेत. शत्रू आला की आणखी मोठे करायला हवेत. आमच्याकडे जिन्यातला एक दिवा कोणी लावायचा यावरून रोज भांडण होतं हो! तिथे तर अख्खी धावपट्टी."

सभागृह हसलं. तोही हसला. मग त्याने मोकळेपणाने हात पुढे केला, सरळ तिच्याकडे.

"याचं उत्तर देणारी व्यक्ती तुमच्या शेजारीच बसली आहे. तो माळ माझ्यापेक्षा त्यांनी जास्त पाहिलाय. सांगा ना... प्लीज."

सगळ्या माना वळल्या. तिला उभं राहावं लागलं. एक वाक्य पुरलं असतं: तारा टाकल्या असतील, दुरून लावत असतील. लोकांनी मान डोलावली असती. आणि मग तो बाहेर येऊन तिला जे सांगणार होता, ते त्याने सांगितलं असतं.

"तिथे माणसं राहत होती," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की मागून कोणीतरी "मोठ्याने!" असं ओरडलं.

"तिथे माणसं राहत होती. त्यांच्या जाण्यायेण्याची पायवाट फोटोत दिसते. ती एका खोपटापर्यंत जाते. दिवे तीच माणसं लावत असणार... बॉम्ब पडतानाही. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत खोपटाच्या जागी खड्डा आहे." तिने पिशवीतल्या फोटोंवर हात ठेवला. "ती त्या वेळी आत होती की नाही, हे फोटो सांगत नाही. पण कोणी नव्हतं, असं म्हणता येणार नाही. यांनी मला विचारलं होतं. पायवाट मला तेव्हाच दिसली होती. मी नाही सांगितली. यांनी लिहिलेली चूक माझी आहे."

ती खाली बसली. वहिनीने तिचा हात घट्ट धरला.

तो ध्वनिक्षेपकासमोर उभा होता. हातातली पानं त्याने उगाचच सारखी केली. चेहरा ओळखू येत नव्हता, इतका उतरला होता.

"सगळी चूक त्यांची नाही," तो शेवटी म्हणाला. "बाईंनी आत्ता विचारला तो प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. दिवे कोण लावतं, हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. मी तो विचारला नाही. मी 'तिथे कोणी नव्हतं ना?' असं विचारलं. हवं ते उत्तर मिळेल असं. आणि मिळाल्यावर पळत सुटलो." तो थांबला. "तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्या मी घेतल्या. माफ करा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्च्या करकरल्या, लोक हळूहळू उठले.

ती मागच्या दाराने बाहेर पडली. तिथल्या पायऱ्यांवर पन्हळीचं पाणी टपटपत होतं. मागून आलेली पावलं तिने ओळखली, पण वळून पाहिलं नाही. तो एक पायरी सोडून बसला. त्याने फोन लावला होता, आणि पलीकडचा प्रकाशकाचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"थांबवा म्हणजे? कागद आलाय! छापखान्यात माणसं बसलीयत! तुम्हाला वेड लागलंय का?"

"लागलंय," तो म्हणाला. "पण ते प्रकरण छापायचं नाही. मी पुन्हा लिहितोय." आणि फोन बंद केला.

पाऊस पडत राहिला.

"किती जण असतील?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. एकट्याच्या चालण्याने इतकी ठळक वाट पडत नाही. पण नक्की आकडा... नाही सांगता येत."

"आणि मी कादंबरीसारखं वाचलं ते." त्याने डोळ्यांवर हात दाबून धरला. "आईला पण वाचून दाखवलं होतं. तिने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं मला."

तिने पिशवीतून फोटोंचं पाकीट काढून पायरीवर, दोघांच्या मध्ये ठेवलं. भिजू नये म्हणून त्यावर पदर धरला.

"तुमचा राग आलाय मला," तो म्हणाला.

"यायलाच हवा."

"का नाही सांगितलंत? तुम्ही! तुमच्याकडून खोटं ऐकायचं असतं तर मी दुसऱ्या कोणाकडे गेलो असतो."

उत्तर सोपं होतं. इतकं सोपं, की ते बोलताना तिला जमिनीत जावंसं वाटलं.

"तुम्ही पुन्हा यावं म्हणून," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुमचं काम संपलं असतं. मला... संपायला नको होतं. त्या माणसांपेक्षा मला तुमचं येणं जास्त महत्त्वाचं वाटलं. हे बोलतानासुद्धा लाज वाटतेय."

रस्त्यावरून एक सायकल पाणी उडवत गेली.

"मीही आज हेच सांगणार होतो," तो म्हणाला. "चांगली वाक्यं तयार केली होती. आता त्यांतलं एकही म्हणवत नाही. आज मला कुठलंच चांगलं वाक्य म्हणवणार नाही."

"मग वाईट म्हणा."

त्याने मान हलवली. मग चाचरत, शब्द शोधत, अगदी सपाट आवाजात म्हणाला, "उद्यापासून आपण ती माणसं शोधू. नावं सापडली तर लिहू. नाही सापडली तर सापडली नाहीत, असं लिहू. तू बघ, मी लिहितो. पण तुला दिसेल ते सगळं सांगायचं. मला आवडो, न आवडो. मी उठून जाणार नाही."

"आणि गेलास तर?"

"तर वहिनींना पाठव. त्या एक प्रश्न विचारतील."

दोघांनाही हसू आलं, आणि आल्याबरोबर दोघांनाही ते नको वाटलं. तिने पदराखालचं पाकीट जवळ ओढलं, तर त्याचा हातही तिथेच होता, पाकीट कोरडं राहावं म्हणून आलेला. ते दोघं तसेच बसून राहिले. एकमेकांकडे बघायची हिंमत कोणाचीच होत नव्हती, माना खाली होत्या. हात मात्र कोणी काढून घेतला नाही.